यादीत नसलेली लिफ्ट

सिडनीत पेंडल हिलच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की नवीन आलेला कोणीतरी विचारतोच, "काकू, तुम्ही कुठे होतात जॉबला?" हॉस्पिटल, बँक, आयटी, युनिव्हर्सिटी अशी उत्तरं ऐकायची त्याला सवय असते. मी सांगते, "स्की लिफ्टच्या कंपनीत." मग तो एकदा बाहेरच्या उन्हाकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो आणि समोशांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाईंनी धरून बसवलं म्हणून एकदाचं लिहून टाकते. गोड काही निघणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलं आहे.

ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो, हे आपल्याकडच्यांना पटतच नाही. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या उंच डोंगरांवर जून ते सप्टेंबर पडतो, अलीकडे जरा हात आखडून. तो पडला की माणसं पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरत खाली येतात आणि खाली आल्या आल्या त्यांना परत वर जायचं असतं. त्यांना वर नेते ती लिफ्ट. डोंगरावर खांब रोवायचे, खांबांवरच्या कप्प्यांवरून पोलादी दोराचा अखंड वेढा फिरवायचा आणि दोराला खुर्च्या लटकवायच्या. खुर्ची दोराला जिने धरलेली असते तिला ग्रिप म्हणतात. स्वयंपाकघरातली सांडशी पातेलं धरते तशी ग्रिप दोर धरते. फरक इतकाच, की खाली पातेल्याऐवजी दोन माणसं असतात आणि त्यांच्याखाली तीस-चाळीस फूट नुसती हवा. मी तेवीस वर्षं या सांडश्यांचे सुटे भाग विकले.

त्याआधी मी पिंपरीला क्रेनच्या कारखान्यात डिझाइनला होते. लग्नानंतर सिडनीला आले आणि जाहिरातीत 'वायररोपचा अनुभव' एवढेच शब्द वाचून अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, बर्फ पाहिला आहे का? मी म्हटलं, फ्रीजमधला. नोकरी मिळाली.

आमची शेड ब्लॅकटाउनच्या पुढे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होती. वर पत्रा. जानेवारीत आत चव्वेचाळीस डिग्री व्हायचं आणि त्या भट्टीत आम्ही बर्फावर चालणारी यंत्रं बनवायचो. माणसं तीसेक. फोरमन ब्रांको. तो ज्या देशात जन्मला तो देशच मधल्या काळात नकाशावरून गेला होता. त्यामुळे कंपन्यांच्या पाट्या बदलल्या की आम्ही हळहळायचो आणि ब्रांको चहा ओतून घ्यायचा. मला वैशाली म्हणणं त्यांना जमेना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने मला 'व्ही' करून टाकलं.

या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा तुकडा म्हणजे ग्रिपचा जबडा, म्हणजे दोराला चावून धरणारा भाग. दर उन्हाळ्यात ग्रिप सोडवायच्या, जबडे धुवायचे, त्यांना चुंबक लावायचं आणि लोखंडाची चमकणारी भुकटी असलेलं पाणी त्यांच्यावर सोडायचं. जबड्याला केसाएवढी चीर असली तरी भुकटी तिथे गोळा होते आणि निळ्या दिव्याखाली रेघ उजळते. रेघ दिसली की जबडा बाद. कितीही रडा, कितीही सीझन तोंडावर आलेला असो. ब्रांको अशा जबड्यावर तिथल्या तिथे करवत फिरवायचा, म्हणजे पुन्हा कोणाला मोह नको.

जबडे घडवून आणताना ऑर्डरपेक्षा दोन-चार जास्तच यायचे. तेही चाचणीत पास झालेले असायचे, पण कुठल्या कागदावर नसायचे. ब्रांको ते कोपऱ्यातल्या एका हिरव्या कपाटात ठेवायचा. उन्हाळ्यात लहान लहान डोंगरांवरचे म्हातारे फिटर आपले झिजलेले भाग घेऊन त्याच्याकडे यायचे. ब्रांको कॅलिपर लावायचा, तोंडाने च्च् करायचा आणि कपाट उघडून नवा तुकडा हातात ठेवायचा. ऑर्डर नाही, बिल नाही. बदल्यात कोणी सफरचंदांची पेटी आणायचं, कोणी मध. हे चुकीचं होतं का? कागदाच्या हिशोबाने होतं. पण बड्या रिसॉर्टची कामं करणाऱ्या आमच्या कंपनीने या गरिबांना कोटेशन पाठवलं असतं, तर त्यांनी झिजलेल्या भागांवरच अजून एक सीझन काढला असता. ते आमच्यापैकी कोणालाच नको होतं.

डेस त्यातलाच. व्हिक्टोरियातल्या एका डोंगरावर एका क्लबची स्वतःची लिफ्ट होती, दोन माणसांच्या खुर्च्यांची, आमच्याच शेडमध्ये बनलेली. आमच्या त्या जुन्या मॉडेलच्या बाकी सगळ्या लिफ्ट मोडीत गेल्या होत्या, ही शेवटची. क्लबचे मेंबर म्हणजे पायथ्याच्या गावातली माणसं, शिक्षक, नर्स, गवळी. डेसचा स्वतःचा गुरांचा गोठा होता आणि लिफ्टचं काम तो फुकट करायचा. दर फेब्रुवारीत आठ-नऊ तास यूट, म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, चालवत आमच्या शेडला यायचा, ब्रांकोशी दिवसभर कपाटापाशी बोलत बसायचा आणि जाताना माझ्या टेबलावर त्याच्या झाडाची लिंबं ठेवायचा. मी त्या लिंबांचं लोणचं घालून एक बरणी त्याला पाठवायचे. तो ते चीज टोस्टवर लावून खातो, असं त्याने सांगितलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. म्हणजे कपाटाच्या त्या व्यवहारात मीही होते. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढे सगळं ब्रांकोच्या माथी मारल्यासारखं होईल.

एकदा सोन्याच्या खाणींच्या कालगुर्ली गावाहून फोन आला. खाणीची यंत्रं भाड्याने देऊन बराच पैसा केलेले एक गृहस्थ होते, त्यांना खाणीच्या मातीच्या ढिगावर टुरिस्टसाठी चेअरलिफ्ट हवी होती. सोन्याच्या गावात बर्फाचं यंत्र. मी पर्थमार्गे विमानाने गेले. लाल धुळीत उभं राहून त्यांना खांब, दोर, ग्रिप सगळं समजावलं. त्यांनी किंमत विचारलीच नाही. म्हणाले, "तीस वर्षांनी हिचा तुकडा मोडला आणि मी तुला फोन केला, तर उचलणार कोण?" मी छातीठोकपणे म्हटलं, "आम्हीच, मेट." ते हसले आणि मला बिअर पाजून परत पाठवलं. लिफ्ट घेतली नाही. तेव्हा मी त्यांना विक्षिप्त समजले होते.

तोवर आम्हाला युरोपातल्या एका कंपनीने विकत घेतलेलं होतं, म्हणजे फोन उचलणारे कायमचे झाले, असं मी धरून चालले होते. नावं देत नाही. एकेकाळी बर्फाळ देशांत खोऱ्याखोऱ्यात कोणीतरी लोहार लिफ्ट बनवायचा. मग मोठ्याने लहान्याला घेतलं, त्याला आणखी मोठ्याने घेतलं आणि आता जगभरातले बनवणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे उरलेत. आमच्याकडे पहिल्या खेपेला फक्त पाटी आणि शर्टांचा रंग बदलला. केक कापला. मला वाटलं, एवढंच असतं.

दुसऱ्या खेपेला आमच्या मालकांचंच लग्न लागलं, त्यांच्याएवढ्याच दुसऱ्या कंपनीशी. दोन घरं एक झाली की घरात दोन मिक्सर होतात आणि एक माळ्यावर जातो. इथेही दोघांच्या वेगळ्या ग्रिपा, वेगळी मोठी चाकं, वेगळी ड्रॉइंग्ज. कोणतं ठेवायचं हे ठरवायला आधी चौकशी होते, स्थळ बघायच्या आधी करतात तशी. तिला ड्यू डिलिजन्स म्हणतात. ती करायला क्लारा नावाची मुलगी युरोपातून आली. तिच्यावर राग काढणं सोपं आहे, पण ती वाईट नव्हती. वेळेवर यायची, सगळ्यांशी नीट बोलायची, माझ्याकडून पोह्यांची रेसिपी लिहून घेऊन गेली.

तिला माझ्याकडून एक यादी हवी होती. ज्या मॉडेलसाठी गेल्या सात वर्षांत एकही ऑर्डर आलेली नाही, ते बंद धरायचं. त्याची ड्रॉइंग्ज नव्या सिस्टीममध्ये चढणार नाहीत, कागद नष्ट होणार, आणि नवी कंपनी त्या मॉडेलला आपलं म्हणणार नाही. ड्रॉइंग ठेवलं म्हणजे जबाबदारीही ठेवली, असं वकिलांचं म्हणणं होतं. शेवटी एक रकाना होता, अपवाद असल्यास कारण लिहिण्यासाठी.

डेसच्या मॉडेलपुढे ऑर्डरच्या जागी शून्य होतं. सात वर्षं काय, पंधरा वर्षांचं शून्य. दर फेब्रुवारीत त्याला सगळं कपाटातून मिळत होतं, तर ऑर्डर येणार कुठून? अपवादाच्या रकान्यात मला एवढंच लिहायचं होतं, की ही लिफ्ट चालू आहे. मग पुढचा प्रश्न आला असता, की सुट्या भागांशिवाय ती चालू कशी? आणि ब्रांकोला रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं.

मी दुपारी स्मोकोच्या, म्हणजे चहाच्या सुटीच्या वेळी त्याच्याकडे गेले. तो हात धूत होता. मी यादीचं सांगितलं. त्याने नखं घासायला घेतली.

"लिही तुला लिहायचं ते, व्ही," तो म्हणाला. "मी तुला काही मागणार नाही."

"ते विचारतील, भाग कुठून आले."

"मग मी सांगेन, मी दिले. ते म्हणतील, चोरी."

"चोरी नव्हती ती."

"बरं. मग वकिलाला तुझ्या लोणच्याची बरणी दाखव," ब्रांको म्हणाला आणि हात पुसून निघून गेला.

मी रकाना कोरा सोडला. यादी पाठवली. क्लाराने "परफेक्ट, थँक यू" असं उत्तर पाठवलं.

रविवारी आम्ही विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या रविवारी म्हणताना मी स्वतःला समजावलं, की मी खोटं बोलले कुठे, फक्त लिहिलं नाही. शिवाय ब्रांकोने दुसऱ्याच आठवड्यात डेसला बोलावून कपाटातले त्या मॉडेलचे, जुन्या ऑर्डरींतून साठलेले सगळे जबडे त्याच्या यूटमध्ये भरून दिले. दहा वर्षं सहज पुरतील, म्हणाला. मला वाटलं, सुटलो.

ड्रॉइंग्ज राहिली होती. जुन्या ट्रेसिंग कागदाची गुंडाळी, कोपऱ्यात ब्रांकोच्या आधीच्या फोरमनच्या सह्या. शेड रिकामी करायच्या वेळी मी ती गुंडाळी उचलून गाडीच्या डिकीत ठेवली. एक अख्खा आर्वो, म्हणजे दुपारभर, ती तिथे होती. पण कंपनीचा एकही कागद बाहेर नेणार नाही, अशा फॉर्मवर मी सही केलेली होती. माझे वडील आयुष्यभर सरकारी गोदामात कारकून होते आणि तिथली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. मी घरी निघायच्या आधी गुंडाळी परत नेऊन ठेवली. न दिलेलं घ्यायचं नाही, हे दुसरं शील. ते मी पाळलं. यादीत गप्प राहणं मला चाललं आणि कागद उचलणं चाललं नाही. स्वतःला सरळ समजणाऱ्या माणसाचा सरळपणा नेमका कुठे जागा होईल, सांगता येत नाही. सोमवारी श्रेडिंगवाला ट्रक आला.

ब्रांको ठरल्याप्रमाणे रिटायर झाला. त्याला जेमतेम दोन हिवाळे मिळाले, मग तो गेला. अंत्यविधीला डेस आला होता, शर्टाची वरची गुंडी लावून. शेड तोवर टाइल्सवाल्याला भाड्याने गेली होती आणि मी एका काचेच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर बसून ईमेलना उत्तरं देत होते.

त्यानंतरच्या वर्षी डेसच्या डोंगरावर नवीन इन्स्पेक्टर आला. चाचणीत पाच जबड्यांवर रेघ उजळली. डेस खुशीत होता, कारण त्याच्याकडे नवे जबडे फळीवर रांगेने होते. इन्स्पेक्टरने विचारलं, यांचे कागद? कागद नव्हतेच. ब्रांकोचा शिक्का होता, पण ब्रांको नव्हता. इन्स्पेक्टर म्हणाला, बनवणाऱ्या कंपनीचं एक पत्र आण, की हे भाग आमचे आणि या मॉडेलचे आहेत. मी त्याच्या जागी असते, तर मीही तेच म्हटलं असतं.

डेसचा ईमेल फिरत फिरत माझ्याच इनबॉक्सला आला. "डिअर सर ऑर मॅडम" अशी सुरुवात होती. फोटो जोडलेले होते, जबड्यांचे, शिक्क्याचे, आणि एक नुसताच, बर्फातल्या लिफ्टचा. मी सिस्टीममध्ये मॉडेलचा नंबर टाकला. नोंद नाही. मी युरोपात क्लाराला लिहिलं, फोन केला, वाद घातला. तिने शांतपणे उत्तर दिलं, की दिलेल्या यादीप्रमाणे हे मॉडेल कुठेही चालू नाही, सबब कंपनी त्याची जबाबदारी घेऊ शकत नाही. सोबत यादी जोडली होती. खाली माझं नाव होतं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. ब्रांको गेला होता, त्याला काही होणार नव्हतं. पण आता माझी पाळी होती. खोटी यादी दिली, हे मी लिहून द्यायचं, नोकरीची तीन वर्षं उरलेली असताना. आणि दिलं असतं तरी ड्रॉइंग्ज परत येणार नव्हती, पत्र मिळालंच नसतं, असं मी स्वतःला आजही सांगते. कधी पटतं, कधी नाही. डेसला मी स्वतः उत्तर लिहिलं: आमच्या नोंदीत हे मॉडेल नाही, त्यामुळे पत्र देता येत नाही, क्षमस्व. एवढं एक वाक्य टाइप करायला मला सकाळ लागली.

जूनमध्ये क्लबने लिफ्ट सुरू केली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मेंबर दुसऱ्या डोंगरावर जायला लागले, मग क्लबला मेंबरच राहिले नाहीत. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी खुर्च्या उतरवून वाटून टाकल्या आणि डेसने मला फोन केला, "सतरा नंबरची तुझ्यासाठी ठेवली आहे, लव्ह. येऊन घेऊन जा."

मी आणि माझी मुलगी मैत्रेयी गेलो. डोंगरावर गवत पिवळं पडलं होतं. दोर काढलेला, नुसते खांब. डेसने चहा दिला आणि सतरा नंबरची खुर्ची आमच्या ट्रेलरवर बांधून दिली, दर गाठ दोनदा ओढून बघत. मग म्हणाला, "तुझे आभार मानायचे होते. मी सात ठिकाणी लिहिलं होतं, व्ही. माणसाने लिहिलेलं उत्तर आलं ते फक्त तुझं." मी म्हटलं, "नो वरीज, डेस." येताना गाडीत मैत्रेयीने विचारलं, "आई, व्हाय आर यू क्रायिंग?" तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती पुढे बराच वेळ रेडिओ लावत बसली.

सतरा नंबर आता ब्लॅकटाउनला आमच्या मागच्या अंगणात लोखंडी चौकटीला टांगलेली आहे. पाहुणे तिच्यावर बसून फोटो काढतात. दर मे महिन्यात मी तिची ग्रिप सोडवते, जबडा धुते, पुसते आणि परत आवळते. काही गरज नाही. जमिनीपासून ती दीड फूट वर आहे.

डेसचा फोन जूनच्या लाँग वीकेंडला येतो, पूर्वी ज्या दिवशी लिफ्ट सुरू व्हायची त्याच दिवशी. लोणचं कसं आहे, सतरा नंबर कशी आहे. यंदा म्हणाला, "ब्रांकोचे जबडे अजून माझ्या शेडमध्ये आहेत. दरवर्षी तेल लावतो, गंज नाही. आता मलाही किती दिवस जमेल कोण जाणे. तुझ्याकडे कुठे कुठली लिफ्ट चालू आहे याची जुनी यादी असेल ना, तीत बघ, हे मॉडेल अजून कोणी चालवतंय का. फुकट देऊन टाकतो."

मी म्हटलं, "बघते, डेस."

त्यानंतर महिन्याभराने हा लेख लिहायला घेतला. मैत्रेयीला देवनागरी भराभर वाचता येत नाही, म्हणून मी तिला तो वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "आई, डेस कान्ट रीड मराठी."

"माहीत आहे मला."

"आय कॅन ट्रान्सलेट इट फॉर हिम. इफ यू वॉन्ट."

ओट्यावर त्याच्यासाठी भरलेली बरणी होती, दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकायची. मैत्रेयी तिच्याकडे बघत उभी राहिली.

"अंक छापून येऊ दे," मी म्हटलं. "मग बघू."